टोचन

माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओनं बारीक राहिलेला. चालता येतं, क्लच दाबता येत नाही. त्यात मी जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट काही रिक्षात बसून येत नाहीत. चौसाळ्यातल्या दवाखान्यातून कपिलधारच्या बाजूच्या डोंगरात जायचं म्हणजे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसायचं, औषधांची पेटी मांडीवर धरायची आणि "साहेब, नीट धरा" हे ऐकत राहायचं. ते ऐकून ऐकून मला वीट आला होता. म्हणून मी एक जुनी, चारही चाकांनी ओढणारी ऑटोमॅटिक गाडी घेतली.

ओळखीपाळखीच्यांनी मला वेड्यात काढलं. "ऑटोमॅटिक कावून घेतली, साहेब? तिला बीडात हात लावणारा न्हाई." मी म्हटलं, बघू. दोन वर्षं ती मला मेंढपाळांच्या वस्तीवर बिनतक्रार नेत होती. वस्तीच्या आधीचा चढ सुट्या मुरमाचा, मध्ये ओढा. तिथं एकट्यानं पोचायचो, एकट्यानं उतरायचो. दार उघडून काठी टेकताना जे वाटायचं ते पायानं धड असलेल्या माणसाला सांगून कळणार नाही.

मग एके दिवशी त्याच चढावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. उलट मागं घरंगळायला लागली. कशीबशी ब्रेकवर धरली.

बीडच्या ज्या मिस्त्रीनं ती उघडली तो मूळचा शिरूर कासारचा. आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा, तेव्हा कारखान्याच्या आवारात बंद पडलेले ट्रक खोलायला शिकला. त्यानं गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन माझ्या नाकापुढं धरलं. लाल असायला हवं ते काळं पडलेलं, करपलेल्या फोडणीसारखा वास. आत जळालेल्या प्लेटींची चळत निघाली. "ह्ये सगळे क्लच हायत," तो म्हणाला. ज्या क्लचला टाळायला मी गाडी घेतली, ते आत ढीगभर होते आणि सगळे जळालेले. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

नुसतं दुरुस्त करून भागणार नाही, डोंगरासाठी मजबूत करू, असं त्याचं मत पडलं. प्लेटी जास्त बसवायच्या, तेल थंड करायला पुढं मोठी जाळी लावायची, ओढ्यातलं पाणी शिरू नये म्हणून हवेची नळी वर चढवायची, तेलाची गरमी दाखवणारा काटा माझ्यासमोर बसवायचा. इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा मधला गोल डबा कापून पुन्हा वेल्डिंग करायला पुण्याला पाठवला. तो पुण्यातच राहिला. प्लेटी आल्या त्या दुसऱ्याच गाडीच्या. त्या परत गेल्या. मग आल्या त्या बरोबर होत्या, पण रबरी सील एक कमी. मी फोन केला की मिस्त्री म्हणायचा, "साहेब, घाई केली तर परत खोलावं लागंल." उन्हाळा गेला, पावसाळा अर्धा सरला आणि मी पुन्हा लोकांच्या पाठी पाठ्यपुस्तकासारख्या वाचत बसलो.

त्याच दिवसांत वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा फोन आला. त्याची मेंढी अडली होती, पिल्लाची मान मागं वळलेली. भरदुपारी मला नेणारं कुणी सापडेना. मी फोनवरून सांगत राहिलो, हात असा घाला, मान अशी फिरवा. तिकडून नुसतं "हां साहेब, हां साहेब" येत होतं. मग तेही थांबलं. मेंढी गेली, पिल्लूही गेलं. "तुमचा काय दोस न्हाई," तो म्हणाला. मला त्याचा राग आला. दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटी गाडी तयार झाली. मिस्त्रीनं किल्ली देण्याआधी मला समोर बसवून सांगितलं, "एकच ध्यानात ठिवा. इंजिन बंद असताना टोचन लावून गाडी वढायची न्हाई. चाकं फिरत्यात, पण आतला पंप फिरत न्हाई. तेलाबिगर सगळं जळतंय. लावायचीच येळ आली तर मोठा दांडा न्यूटलला करून भागत न्हाई, ह्यो धाकटाबी न्यूटलला करा." मोठा दांडा म्हणजे गिअरचा, धाकटा म्हणजे शेजारचा, चारही चाकं जोडणारा. मी मान डोलावली. मी शिकलेला माणूस, मला दोनदा सांगायची गरज नव्हती.

पहिल्याच दिवशी मी वस्तीवर गेलो, काम नसताना. मुरमाचा चढ गाडी अशी चढली की मी एकटाच मोठ्यानं हसलो. गरमीचा काटा जागचा हलला नाही. म्हाताऱ्यानं चहा पाजला, बोनेटवरून हात फिरवला.

उतरताना एक दगड उडाला आणि डिझेलची नळी फुटली. गिअरबॉक्सचा काही संबंध नाही, एवढीशी नळी! इंजिन बंद. मला रडू यायचं बाकी होतं. वरून कुणाला तरी दिसलं असावं, अर्ध्या तासात वस्तीवरची माणसं ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन हजर झाली. आपल्याकडं गाडी बंद पडली की कुणी कारण विचारत नाही, टोचनच आणतं. म्हातारा म्हणाला, "तुमी ट्रॅक्टरवर बसा, साहेब. स्टेरिंग माजा पुतण्या धरंल. पायाला कशाला तरास?"

झालं. "माझी गाडी आहे, मीच धरणार!" मी त्याच्या अंगावर ओरडलो. तो गप मागं सरला. मी तणतणत आत बसलो, दार आपटलं, मोठा दांडा न्यूटलला टाकला. साखळी ताणली गेली. चौसाळ्यापर्यंत सबंध वाट मी मनातल्या मनात भांडत होतो. गरमीचा काटा इंजिन बंद म्हणून मेलेलाच होता.

नळी बदलली, इंजिन सुरू झालं, पण गाडी पुढं जाईना. दुसऱ्या दिवशी मिस्त्री ट्रक घेऊन आला, खाली झोपून त्यानं थोडं तेल काढलं. पुन्हा तोच वास. त्यानं वर बघून विचारलं, "टोचन?"

"हो."

"धाकटा दांडा?"

मला लख्ख आठवलं. मी त्याला हातही लावला नव्हता.

"वस्तीवरच्यांनी ओढली," मी म्हणालो. "त्यांना काय कळतंय?"

त्यानं बोटं फडक्याला पुसली आणि गाडी ट्रकवर चढवली. त्याच संध्याकाळी म्हाताऱ्याचा फोन आला, गाडी बरी हाय का म्हणून. मी त्याच्यावरही तेच फेकलं. "तुमच्या टोचनानं माझी गाडी खाल्ली!" तिकडून फोन बंद झाला.

आठवडाभरानं सकाळी दवाखान्यासमोर मोटारसायकल थांबली. पुतण्या चालवत होता. मागं म्हातारा, त्याच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली मेंढी. पोट फुगलेलं. डोंगरातून एवढ्या लांब, तिला दोन्ही हातांनी धरून आला होता. मी घाईघाईनं तिच्या तोंडातून पोटात नळी घातली, औषध पाजलं. तासाभरानं पोट उतरलं, ती उभी राहिली.

"मला फोन करायचा," मी म्हणालो. "कुणाच्या तरी मागं बसून आलो असतो."

"कोन्या तोंडानं बोलवू, साहेब? आमच्या टोचनानं तुमचा पाय मोडला."

मी नळी धूत होतो. ती धूतच राहिलो. मग म्हणालो, "तुमची काही चूक नव्हती. एक दांडा टाकायचा राहिला होता. मिस्त्रीनं मला बजावून सांगितलं होतं. मीच विसरलो."

म्हाताऱ्यानं मेंढीच्या पाठीवर घोंगडी नीट केली.

"त्या दिशी फोनवर ह्ये ठावं हुतं तुमाला?"

"होतं."

"मंग तसं कावून म्हनलात?"