शेवटच्या बाकावरची नोनी

आमच्या गावच्या चर्चमध्ये डावीकडचा शेवटचा बाक नोनी रूआनचा होता. तसा कुणी लिहून दिलेला नव्हता, पण चाळीसेक वर्षं दर रविवारी ती तिथेच बसली. सगळं गाव उठून पवित्र भाकर घ्यायला पुढे कठड्याशी जायचं, तेव्हा ती गुडघे थोडे बाजूला घेऊन लोकांना वाट द्यायची आणि पुन्हा जपमाळ हातात घ्यायची. एकदाही उठली नाही. नाताळला नाही, ईस्टरला नाही, स्वतःच्या आईच्या अंत्यविधीच्या मिस्सालाही नाही.

मेयो जिल्ह्यातलं, तळ्याच्या कडेचं चाळीस उंबऱ्यांचं गाव आमचं. इथे कुणाच्या गाईला खोकला झाला तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. आणि मोठं पाप पाद्रीपुढे कबूल करेपर्यंत आमच्यात भाकर घेता येत नाही. मग दर रविवारी बसून राहणारी बाई लोकांच्या तोंडून सुटणार होती होय? कुणी म्हणे, समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये होती तेव्हा लग्न झालेल्या बाप्याशी भानगड होती. कुणी म्हणे, पोर टाकून आलीय तिकडे. पोस्टातली बीझी तर म्हणायची, "पाप लहान असतं तर एव्हाना कबूल करून मोकळी झाली असती की." उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि हेच लोक बायकोला कळा सुरू झाल्या की पहिल्यांदा नोनीचंच दार वाजवायचे.

कारण नोनी सुईण होती. सरकारी परवाना नव्हता, शिक्षण नव्हतं, पण नर्सबाई पंधरा मैलांवर आणि पावसात पूल पाण्याखाली. त्यामुळे या गावातली माझ्या वयाची बहुतेक माणसं नोनीच्या हातावरच जगात आली. मीसुद्धा. उंच, हाडापेराची बाई, पुरुषासारखे मोठे हात, आणि बोलणं असं की समोरच्याने दोन पावलं मागे व्हावं. बाळंतिणीचा नवरा दारात घुटमळला की म्हणायची, "तुझं काम नऊ महिन्यांपूर्वी झालं, आता जा, पाणी आण."

खोटं बोलणं तिला जमायचं नाही, ही तिची लहानपणापासूनची ख्याती. हे मला आईने खूप पुढे सांगितलं, कारण आई आणि नोनी शाळेपासूनच्या मैत्रिणी. एकाच सायकलवरून नाचाला जायच्या. पण मला समजायला लागल्यापासून आई रस्त्यात नोनी दिसली की कुंपणापलीकडच्या शेतात काहीतरी बघत राहायची. आमच्या घरात ते नाव निघायचं नाही.

त्याला कारण माझा भाऊ. एकोणीसशे एकोणपन्नासचा नोव्हेंबर, मी सहा वर्षांची. आई दोन दिवस अडली होती. नोनीने मला आणि वडिलांना स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं. मग एकदा दार उघडलं, ती कपातून पाणी घेऊन आत गेली, आणि नंतर खूप वेळ आतून कसलाही आवाज आला नाही. आमच्यात मूल मरायला टेकलं तर पाद्रीची वाट बघत नाहीत. घरातल्या कुणीही कपाळावर पाणी ओतायचं आणि ठरलेले शब्द म्हणायचे, की झाला बाप्तिस्मा. पण मूल जिवंत असलं तरच. मेलेल्याला बाप्तिस्मा नाही. आणि बाप्तिस्मा नाही तर नाव नाही, चर्चच्या आवारात जागा नाही, स्वर्ग नाही. त्यांच्यासाठी तळ्याकाठी एक उंचवटा होता, किलीन म्हणायचे त्याला. नुसते दगड रोवलेले. बाप एकटा जायचा, उजाडायच्या आत, कुणाशी न बोलता.

सकाळी फादर लव्हेल आले. स्वयंपाकघरात उभे राहूनच त्यांनी नोनीला विचारलं, "पाणी घातलंस तेव्हा जीव होता का?"

नोनी म्हणाली, "नाही, फादर."

मधलं दार उघडं होतं. आईने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडील चहाच्या पत्र्याच्या मोठ्या डब्याएवढी लाकडी पेटी काखेत घेऊन गेले. कुठला दगड आपला, ते त्यांनी आईला कधीच सांगितलं नाही. बहुतेक सांगायचं असेल आणि जमलं नसेल. ते गेले तेव्हा ती माहितीही त्यांच्याबरोबर गेली. आई त्याबद्दल म्हणायची ते एकच, आणि तेही मी मोठी झाल्यावर, "एक शब्द. एक 'हो' म्हणाली असती तर तिचं काय जात होतं?" आणि मग थोड्या वेळाने, "कुणास ठाऊक, घेतलाही असेल त्याने श्वास. हिलाच दिसला नसेल."

ब्याण्णव साली नवे पाद्री आले, फादर टिअरनन. तरुण पोरगा, गिटार वाजवणारा. त्यांनी किलीनला जाऊन प्रार्थना म्हणायची ठरवली. तिथे एक मोठा दगडही बसवला. ती जागाही पवित्रच होती, मुलं देवापाशीच आहेत, आम्ही चुकलो, असं त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं. चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका रडल्या. मला राग आला. एवढ्या वर्षांनी 'चुकलो' म्हणायला काय लागतं, मीठ-मसाला? आई गेली त्या दिवशी तळ्यावर. कुठल्या दगडापाशी उभं राहायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती मधोमध उभी राहिली.

मी गेले नाही. नोनी तेव्हा अंथरुणाला खिळली होती, पोटात गाठ, आणि पंचायतीच्या पगारावर मी तिच्या घरी रोज दोन तास जात होते. आईला ते आवडत नव्हतं, पण तिने मला अडवलंही नाही. नोनीला ऐकू जवळजवळ येत नव्हतं, त्यामुळे ती ओरडूनच बोलायची आणि मलाही ओरडावं लागायचं. मी बटाटे सोलत होते. ती एकदम म्हणाली, "गेले ना सगळे तळ्यावर?"

"गेले."

"माफी मागायला."

"हो."

ती म्हणाली, "तुझ्या भावानंतर सात झाली, डिंप्ना. सात मेलेली. प्रत्येक वेळी लव्हेलने विचारलं, जीव होता का. मी म्हटलं, होता फादर, मीच पाणी घातलं. सातही जणं चर्चच्या आवारात आहेत, नावासकट."

माझ्या हातातली सुरी थांबली.

"बाप्तिस्म्याबद्दल खोटं बोलले पाद्रीशी. एकदा नाही, सातदा. ते अंगावर घेऊन भाकर कशी घेणार? आणि कबुली द्यायची तर पश्चात्ताप हवा. तो कुठून आणू? मला पश्चात्तापच होत नाही. पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा तेच बोलेन. मग बसले मागे."

म्हणजे गाव ज्या पापाच्या वावड्या उठवत होतं, ते त्याच गावाच्या पोरांसाठी केलेलं होतं. आणि त्या पोरांच्या आयाही शेजारणींबरोबर तोंडावर हात ठेवून कुजबुजत होत्या. मला रडू आलं. नोनीला रडकी माणसं खपत नसत. म्हणाली, "बटाट्यात मीठ मी घालेन, तू नको."

मग मी विचारलं. विचारायलाच हवं होतं. "आणि आमचा? त्याच्यात जीव होता?"

"नव्हता गं," ती म्हणाली. "पोटातच दोन दिवस आधी गेला होता. कातडी हाताला येत होती. तुझ्या आईला मी दाखवला नाही, त्याला कारण तेच. तरी पाणी घातलं, आपल्या समाधानाला. पाद्रीने विचारल्यावर खरं ते सांगितलं. मला वाटलं, खरं बोलायचं असतं." आणि पुढे, "बाकी सातांचा पश्चात्ताप नाही. त्या एका खऱ्याचा आहे."

घरी येऊन मी आईला सांगितलं. सगळं नाही. कातडीचं नाही सांगितलं, दोन दिवसांचंही नाही. फक्त ते सात, आणि तो मागचा बाक. आई सोडा घातलेल्या पावाचं पीठ मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"सात?" ती म्हणाली.

"सात."

"माझ्या लेकरावर शिकली म्हणजे."

आईने पीठ भांड्यात टाकलं, वर सुरीने फुली मारली आणि भट्टीत सरकवलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता दिवस थोडे. नोनीने स्वतःहून फादर टिअरननना बोलावलं. चाळीसेक वर्षांनी तिला भाकर हवी होती. माझ्याशी दुसरं काही बोलेचना, "मी घेऊन मरेन गं, हो ना?" एवढंच पुन्हा पुन्हा. एवढ्या आडदांड बाईला तसं विचारताना बघवत नव्हतं.

पाद्री भाकर घेऊन आजाऱ्याकडे येतात तेव्हा घरच्या कुणीतरी पेटती मेणबत्ती घेऊन दारात उभं राहायचं असतं. नोनीला घरचं कुणी नव्हतं. मी मेणबत्ती शोधत होते, तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. आई होती. रविवारचा कोट घातलेला, हातात आमच्या घरची, फेब्रुवारीच्या सणाला मंत्रून आणलेली मेणबत्ती. काडी ओढून ती उंबऱ्यात उभी राहिली. त्या उंबऱ्याला तिचा पाय एकोणपन्नासनंतर लागला नव्हता.

फादर आत गेले, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. दार लावलेलं होतं, पण बहिऱ्या बाईची कबुली दाराला थोडीच अडते. दोघंही ओरडत होते. ते ऐकणं पाप असेल तर असो, मी कानात बोटं घातली नाहीत.

"नोनी, ते पाप नव्हतंच," फादर म्हणत होते. "देव तेवढा कोत्या मनाचा नाही."

"पाप नव्हतं? मग तळ्याकाठी त्या पोराला कुणी घातलं?"

मग फादर म्हणाले, "बरं, पाप होतं. आता एवढंच म्हणा, की खोटं बोलले त्याचं मला दुःख आहे. नुसतं म्हणा. मी लगेच भाकर देतो."

"मला दुःख नाही."

"नुसतं म्हणा, नोनी."

"फादर," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खाली आला होता, तरी ऐकू आला, "दुसऱ्यांसाठी सातदा बोलले. स्वतःसाठी नाही बोलणार."

चांगला होता तो पोरगा. त्याने तरीही भाकर पुढे केली असावी, कारण "तोंड उघडा, नोनी" असं तो दोनदा म्हणाला. तिने उघडलं नसावं. तो बाहेर आला तेव्हा भाकरीची डबी त्याने छातीशी तशीच धरली होती आणि डोळे लाल होते. आई मेणबत्ती घेऊन त्याला अंगणाच्या फाटकापर्यंत सोडून आली. परत येऊन तिने ती विझवली नाही. घेऊनच आत गेली, खाटेशी बसली आणि नोनीच्या कानाशी वाकली.

"नोनी, मी सेलिया."

"दिसतंय मला. बहिरी झालेय, आंधळी नाही."

आईने मेणबत्ती उशाशी ठेवली. "एक विचारते. मग पुन्हा नाही विचारणार. माझ्या बाळाने श्वास घेतला होता का?"

मी खिडकीशी उभी होते. नोनीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, मी काय काय सांगितलंय आणि काय नाही, ते जोखत असल्यासारखं. मग तिने आईकडे मान वळवली.

"घेतला होता, सेलिया. एकच. पाणी घातल्यावर. लव्हेलने विचारलं तेव्हा मी घाबरले. खात्री नाही वाटली, म्हणून नाही म्हटलं. माझी चूक झाली."

"पाणी घातल्यावर?"

"घातल्यावर."

"म्हणजे झाला त्याचा बाप्तिस्मा."

"झाला."

मला वाटलं आता ही ओरडेल, त्रेचाळीस वर्षांचं सगळं बाहेर काढेल. नोनीलाही तेच वाटलं असावं, तिने तसे डोळे मिटून घेतले होते. आई उठली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "चहा टाकते. तू अजून तीन चमचे साखर घेतेस का?"

"घेते," नोनी म्हणाली.

ती गुरुवारी गेली, भाकर न घेता. तिच्या अंत्यविधीला सगळं गाव आलं, बीझीसुद्धा. त्या आठवड्यात आईने माझ्या भावाचं नाव ठेवलं. कोलमन. फादर टिअरननकडून त्याच्या नावाने मिस्सा म्हणवली, आणि तळ्याकाठच्या मोठ्या दगडावर तेवढं एकच नाव कोरून घेतलं.

दोन हजार तीन साली आई गेली. शेवटच्या दुपारी शुद्धीत होती. माझा हात धरून म्हणाली, "आता कोलमन भेटेल मला, नाही का गं?"

मी म्हटलं, "हो आई, भेटेल."