बंदूक घेऊन मुलगी पाहायला

माझ्या खांद्यावर होती ती खरं म्हणजे बारा बोअरची दुनळी बंदूक. पण आर्णीच्या आसपास खांद्यावर जे काही लांब दिसेल त्याला रायफलच म्हणतात, आणि मीही लोकांना सुधारायचं सोडून दिलं होतं. वडिलांनी ती रानडुकरांसाठी घेतली होती. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. त्या वर्षांत कापसात काही उरत नव्हतं, आणि एका बँकेच्या शाखेला स्वतःची बंदूक असलेला पहारेकरी हवा होता. डुकरांवर कधी धड न चाललेली बंदूक अशी नोकरीला लागली आणि तिच्यामागे मीही लागलो.

गाव ते शाखा रोज पायी. एसटीचा कंडक्टर बंदूक पाहून कटकट करायचा आणि ओळखीचे मोटरसायकलवाले नेमके तेव्हाच ओळख विसरायचे. बंदूक रिकामी, काडतुसं पट्ट्यात, परवाना वरच्या खिशात, सगळं कायदेशीर. तरी वावरात कापूस वेचणाऱ्या बाया मान वर करून विचारायच्याच, "भरेल हाय काय?" सुरुवातीला मी थांबून समजावून सांगत असे. पुढे माझं डोकं फिरायला लागलं आणि मी चिवड्यानं भरली आहे असं सांगू लागलो. त्यावर त्या चिवडा मागायच्या.

याच शाखेत मला ती दिसली. बचत गटाच्या बायांसोबत यायची. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं की बंदुकीचं तोंड रांगेकडे आहे, ते भिंतीकडे करा. मी केलं. घरी जाऊन मामांना म्हटलं, या मुलीच्या घरी विचारा. याआधी दोन ठिकाणी मला नकार आला होता आणि त्याचं मला काही वाटलं नव्हतं. या वेळी मात्र नकार आला तर सोसवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मामांनी शनिवार ठरवला, कारण तेव्हा बँक दुपारीच सुटायची. पण तिचं गाव आमच्या गावाच्या नेमकं उलट्या दिशेला. बंदूक घरी ठेवून यायला वेळ नव्हता आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही ही परवान्याची अट. मामा मोटरसायकल घेऊन शाखेसमोर आले, बंदूक पाहिली आणि म्हणाले की पाठीला नळ्या टेकवून मी गाडी चालवणार नाही. रिकामी असली तरी नाही. मग मामा पुढे पहिल्या गिअरमध्ये, हँडलला फळांची पिशवी, आणि मागे पायी, खांद्यावर बंदूक घेऊन मी, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. एका पानटपरीवाल्यानं मामांना विचारलं, कापसाच्या चुकाऱ्याची रोकड घेऊन चालले का. दुसऱ्याला वाटलं मामांना पकडून नेत आहेत, आणि यांनी काय केलं, अशी त्यानं माझ्याकडेच चौकशी केली. मामा संतापले, पण गाडी जोरात काही पळवली नाही. मला एकट्याला त्या घरी पाठवायची त्यांची छाती नव्हती.

तिच्या वडिलांनी ओसरीत सतरंजी टाकली होती. बंदूक पाहून ते क्षणभर थबकले, मग कोपरा दाखवून म्हणाले, ठेवा तिथं. मी म्हटलं, ठेवता येत नाही, माझ्याजवळच असावी लागते. मामांनी मला चिमटा काढला. मी बंदूक दोन गुडघ्यांत धरून एका हातानं पोहे खाल्ले. निम्मे सतरंजीवर सांडले. शेती किती, भाऊ किती, बँकेत कायम होणार का, सगळं विचारून झालं. सगळ्यांना माणूस पसंत होता असं दिसत होतं.

तेवढ्यात तिची आई दारात आली. पदर नीट केला आणि खाली पाहतच बोलली.

"आमी फवारणीचं औषधसुद्दा घरात ठेवत नाही. वावरातल्या कोठ्यात कुलूप लावून ठेवतो. दिवसच तसे हायेत. अन् तुमी तं बंदूक घिऊन राह्यता."

गावोगाव कर्जात बुडालेले शेतकरी तेच औषध पिऊन जीव देत होते. त्या वर्षांत आमच्या भागात या बोलण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. मला राग यायला हवा होता, मी तसा लगेच चिडणारा माणूस. पण राग आला नाही. भीती वाटली, कारण ती बाई खरं बोलत होती.

चहा घेऊन आलेली मुलगी तिथंच उभी होती. काडतुसं कुठं ठेवता, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, घरी लोखंडी पेटीत, कुलपात. किल्ली? माझ्याकडे.

"लग्न झालं तं किल्ली माह्याजोळ राहीन," ती म्हणाली.

आणि मी, गाढव, नियम सांगायला लागलो. परवाना माझ्या नावावर आहे, काडतुसं दुसऱ्याच्या ताब्यात देता येत नाहीत. मामांनी डोळेच मिटून घेतले.

"काडतूस कोण मागून राह्यलं? तुमची पेटी, तुमचे काडतुसं. मी किल्ली मागून राह्यली."

परवान्यावर छापलेल्या अटी मला तोंडपाठ होत्या. मी त्या मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटल्या. किल्लीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मी हो म्हटलं. तिच्या आईनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं आणि मला आणखी पोहे वाढले.

लग्न झालं. रोज सकाळी आधी डबा मिळायचा, मग किल्ली. किल्ली देण्याआधी ती माझ्या तोंडाकडे चांगलं निरखून पाहायची. नवरा एवढा आवडतो म्हणून मी मनातून फुगायचो.

मग एका हंगामात बोंडअळीनं आमचं सगळं वावर खाल्लं. मी घरात कुणाशी धड बोलत नव्हतो. एका सकाळी ती किल्ली मुठीत घेऊन समोर उभी राहिली आणि पाहतच राहिली.

"आज नका जाऊ," ती म्हणाली. "ताप हाय म्हणून सांगा."

मला ताप नव्हता. मी ओरडलो, नोकरी जाईल म्हटलं, हात पुढे केला. तिनं मूठ उघडली नाही. आणि ती इतके दिवस माझ्या तोंडाकडे काय पाहत होती, ते मला त्या वेळी कळलं. मी उंबऱ्यावरच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. माझ्या मनात तसं काही नव्हतं, असं मी आजही म्हणतो. किल्ली मात्र आजही तिच्याजवळच असते.

दुसऱ्या दिवशी तिनं आधी मला हसायला लावलं, आणि मगच किल्ली दिली.