पुलाखालून

महामार्गावरचा पादचारी पूल लोकांच्या किती उपयोगी पडला, हे पाहायला मी गेले होते. परदेशी मदतीच्या रस्तासुरक्षा योजनेतून तो बांधला होता आणि तिच्या प्रगतीचा अहवाल मला लिहायचा होता. पूल रिकामाच होता. खाली एक म्हातारी रस्ता ओलांडायला उभी होती.

"आजी, पुलावरून का नाही जात?"

"या गुडघ्यांनी पायऱ्या चढवत नाहीत गं. आमच्या ह्यांनाही चढवत नव्हत्या. इथंच ट्रकनं उडवलं त्यांना."

"पूल व्हायच्या आधी?"

"नाही, पूल झाल्यावर."

तिनं हे सहज सांगितलं. माझ्याही आत काही हललं नाही. दूरच्या कुठल्या शहरात टेबलाभोवती बसून, माणसं वाचावीत म्हणूनच कुणी ही योजना आखली असणार. हातातल्या फॉर्मवर 'पूल पूर्ण झाला का?' या प्रश्नापुढे मी 'होय' लिहिलं. पायऱ्यांविषयी त्यात प्रश्नच नव्हता.

"तुलाही पलीकडं जायचंय ना?"

माझी गाडी पलीकडंच उभी होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं, दोन्हीकडं पाहिलं आणि म्हणाली, "हं, आता चल."

पुलाच्या सावलीतून मी तिच्यामागं निघाले.