जावयाचं ताट आणि जहाजाची शिडी

धोंड्याचा महिना आला की जावयाला जेवायला बोलवावंच लागतं, मग तो कसाही असो. आमचे जावाईबापू सुरतेजवळ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर होते. कारखाना बंद पडला तेव्हापासून घरी बसून एकच धोशा, आखातात जायचं. पासपोर्ट नाही, काही नाही. पण माझा मुलगा हजीऱ्याच्या बंदरात जहाजांवर वॉचमन आहे ना, तो चोरून चढवील!

आता मुलाचं काम काय, ते ऐका. जहाज धक्क्याला लागलं की हा शिडीच्या तोंडाशी उभा. वर जाणाऱ्याचं कार्ड ठेवून घ्यायचं, उतरला की परत द्यायचं. जहाज सुटायच्या आधी खलाशांबरोबर दोरखंडाची खोली, होड्या, नांगराच्या साखळीची कोठी, सगळीकडे बॅटरी मारून बघायचं आणि दारांना सील लावायचं. लपलेला माणूस समुद्रात सापडला तर कुठलं बंदर त्याला सहजी उतरू देत नाही. आणि शिडीवरच्याची नोकरी गेलीच म्हणा.

तर मी पुरणाचे धोंडे केले, वर तूप सोडलं. जावाईबापू पाटावर बसले आणि हात मांडीखाली! आमच्याकडे जावयाने असं रुसायचं, सासऱ्याने अंगठी, घड्याळ काहीतरी कबूल करायचं, मग घास उचलायचा, ही रीतच आहे. सासरे आता नाहीत, म्हणून नजर माझ्यावर.

"बोला जावाईबापू, काय पाहिजे?"

"शालकसाहेबांना विचारा, मामी. जरा डोळे मिटायचे, तेवढंच तर काम."

भिंतीशी बसलेला मुलगा म्हणाला, "दाजी, साखळीच्या कोठीत लपाल? नांगर सुटला की चटणी होते माणसाची."

"भीती नको घालू. बसतो शिडीवर आणि तोरा कप्तानाचा!"

"तुम्ही चढलात तर मीच बखोट धरून उतरवीन. पोलिसात देईन."

"मग तुमची पोरगी ठेवा तुमच्याकडेच. मी चाललो."

म्हणाला खरं, पण उठला नाही. ताटासमोर तसाच बसून राहिला, मेला. हो म्हणावं तर पोराची भाकर जाते, नाही म्हणावं तर पोरीचं घर. तूप थिजायला लागलं.

मुलगी वाढायला उभी होती. नवऱ्याचं जेवण झाल्यावर त्याच्याच ताटात जेवायचं, हे ती लग्नापासून पाळत आलेली. ती पुढे झाली, त्याच्यासमोरचं ताट ओढलं, मांडी घातली आणि धोंडा फोडला.

"अगं ए! माझं जेवण व्हायचंय अजून!"

"तुम्ही चाललात ना? मग जा. शिडी काही मिळायची नाही."

ती खात राहिली, त्याच्याकडे न बघता. मुलगा भिंतीकडे तोंड करून हसत होता. जावाईबापूंनी मांडीखालचे हात काढले, कुठे ठेवावे ते कळेना.

"मामी," शेवटी म्हणाला, "दुसरं ताट वाढा मला."

चुलीशेजारी पातेलं भरून धोंडे होते, वाफ निघत होती.

"संपले," मी म्हटलं, आणि बसून राहिले.