वॉकरपुरती जागा

उत्तराबाई तांबे बाहेरून आल्या की आधी मोरीत जाऊन पाय धूत, मग चपलांचे तळवेही घासून काढत. सून रुचिता म्हणायची, "आई, रोज काय चपला धुता?"

"एकदा खाली उतरून चालत जाऊन ये," त्या म्हणत. "स्कूटीवरून ते दिसत नाही."

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या अलीकडे त्यांची सोसायटी. संगमेश्वरकडच्या गावातून लग्न होऊन त्या इथे आल्या, ठाण्याला एका कचेरीत टायपिस्ट म्हणून राबल्या, निवृत्त झाल्या. दरम्यान दारासमोरच्या चिखलाचं डांबर झालं, डांबराचं काँक्रीट, आणि कडेने लाल ठोकळ्यांचा फूटपाथ आला. तो झाला त्या संध्याकाळी त्या आनंदरावांना, म्हणजे नवऱ्याला, मुद्दाम खाली घेऊन गेल्या होत्या. एकामागे एक न चालता, शेजारी शेजारी बोलत दोघं पार टोकापर्यंत जाऊन आले होते.

ते सुख फार टिकलं नाही. मोबाइलवाल्याने आपली पाटी बाहेर सरकवली. चायनीजच्या गाडीने बस्तान बसवलं. सकाळी तिथे तेलकट पाणी साचलेलं आणि नूडल्स ठोकळ्यांना चिकटून वाळलेल्या. पिंका तर इतक्या, की ठोकळ्यांचा मूळचा लाल कुठला आणि गुटख्याचा कुठला ते कळेना. चांगल्या घरची माणसं कुत्रा घेऊन यायची, त्याचं होईपर्यंत आभाळाकडे बघत उभी राहायची आणि झालं की निघून जायची. त्या आभाळाकडे बघण्याचीच उत्तराबाईंना जास्त किळस यायची.

मागच्या वर्षी आनंदरावांना पक्षाघाताचा झटका आला. डावा पाय ओढला जाऊ लागला. डॉक्टरांनी रोज वॉकर घेऊन चालायला सांगितलं. व्यायामाचं सेंटर त्याच रस्त्याच्या टोकाला होतं. रिक्षावाले एवढ्या जवळचं भाडं घेत नसत, म्हणून दोघं चालतच निघत.

एका सकाळी रस्ता तुंबला होता. अशा वेळी बाइकवाले सरळ फूटपाथवर चढत. मागून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. आनंदराव दचकले, वॉकर तिरका झाला आणि ते खाली बसले ते थेट एका ताज्या पिंकेत. हात टेकला तोही तिथेच.

"काका, साइडला व्हायचं ना," बाइकवाला म्हणाला. मग त्याने हेल्मेटची काच वर केली. तिसऱ्या मजल्यावरचा सर्वेश. "अरे, काकू, तुम्ही? सॉरी हां. ऑफिसला लेट होतंय."

त्याने काकांना उठवलं, वॉकर सरळ करून दिला आणि त्याच फूटपाथवरून पुढे गेला. उत्तराबाईंनी पदराने नवऱ्याचा तळवा पुसला. घरी येईपर्यंत तो हात आनंदरावांनी अंगापासून लांब धरला होता, जणू तो दुसऱ्याचाच होता.

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उत्तराबाईंनी विषय काढला. सर्वेशची आई रसिका म्हणाली, "काकू, ट्रॅफिकच तेवढं आहे, मुलं तरी काय करणार? काकांना गच्चीवर फिरवा ना. हवाही छान असते."

सगळ्यांना ते पटलं. सेक्रेटरींनी लगेच गच्चीची किल्ली काढून पुढे केली. किल्ली न घेता उत्तराबाई घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी मागून हॉर्न वाजला तेव्हा त्या हटल्या नाहीत.

"अहो, थांबू नका. तुमच्या चालीने चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मागे बाइकांची रांग लागली. कोणी शिवी दिली, कोणी मोबाइल काढून शूटिंग केलं. आनंदराव डावा पाय ओढत चालत राहिले. दोघांनी हे रोज चालवलं. काही दिवसांनी समोरच्या बिल्डिंगमधली समीक्षा मुलीला शाळेत सोडताना त्यांच्यासोबत चालू लागली. "आजी, तुम्ही आहात तोवर इथून जाता येतं," ती म्हणाली.

ते शूटिंग मोबाइलवर फिरलं, उत्तराबाईंनी पालिकेत तक्रारही केली, आणि एके दिवशी पालिकेच्या कंत्राटदाराची माणसं येऊन फूटपाथच्या दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवून गेली. बाइका बंद झाल्या. समीक्षाने पेढे आणले. रसिका लिफ्टमध्ये बोलेनाशी झाली.

सकाळी दोघं निघाले. खांबांपाशी आले आणि वॉकर अडकला. आडवा घालून बघितला, तिरका घालून बघितला. खांबांमधून माणूस जात होता, वॉकर जात नव्हता.

उत्तराबाईंनी कामाच्या पाटीवरचा नंबर बघून कंत्राटदाराच्या मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, गॅप वाढवला तर बाइक घुसणार. तुम्हीच कंप्लेंट केलेली ना?"

"चालणाऱ्यांसाठी लावलेत ना ते खांब?"

"चालणाऱ्यांसाठीच. हे वॉकरवाले सांगितलं नव्हतं कोणी."

त्यांनी फोन ठेवला. आनंदराव खांबाला धरून उभे होते. "चल, परत जाऊ," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी वॉकर उचलून पलीकडे ठेवला. मग नवऱ्याला दोन्ही दंडांना धरून, अंग तिरकं करायला लावून, हळूहळू खांबांमधून काढलं. मागे कानात इअरफोन घातलेला एक तरुण खोळंबला होता. त्याने च्यक् केलं, रस्त्यावर उतरून वळसा घातला आणि निघून गेला. उत्तराबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या टोकाचे खांब अजून ओलांडायचे होते.