जिल्ह्याचा अष्टपैलू

रत्नागिरीतल्या मैदानाजवळच्या टपरीवर मी रोज सकाळी चहा घेतो. तिथल्या बाकावर एक गृहस्थ आधीच बसलेले असतात. एके काळी आपण जिल्ह्याचे अष्टपैलू होतो, असं ते स्वतःच सांगतात. भारताच्या संघातल्या कुणा अष्टपैलूचं नाव निघालं की हात झटकतात. "बॅट धरता येत नाय, चेंडू वळत नाय. आमच्या वेळी ह्याला पाणी द्यायलाही घेतला नसता."

गेल्या महिन्यात महिलांच्या स्पर्धेचा पहिला चेंडू टाकायचा मान त्यांना मिळाला. पोटावर ताणलेला पांढरा शर्ट घालून त्यांनी आधी क्षेत्ररक्षण लावलं, मग लांबून धावत आले. समोर मंडणगडच्या संघातली एक शिक्षिका होती. तिने चेंडू कुंपणाबाहेरच्या काजूच्या झाडांत भिरकावला. ह्यांनी वाकून खेळपट्टी तपासली.

दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याने विषय काढलाच.

"तिनं मारलान नाय, मी मारू दिला," ते म्हणाले. "पाहुणी ना ती."

"मग तुम्हीपण बॅट घ्यायचीत की. दोन फटके दाखवायचेत."

त्यांनी कपातला चहा सावकाश संपवला.

"घेणारच होतो. पण ती बोलिंगही करते म्हणाली."