मागाचा खड्डा

आमच्या मोहल्ल्यातली घरं मातीची होती आणि प्रत्येक घराच्या जमिनीत एक खड्डा होता. त्यात पाय सोडून बसायचं आणि हातमाग चालवायचा. माझे घरधनी तिथं बसून लुगडी विणत, सासू शेजारी सुताच्या कांड्या भरी, मी सुताला खळ लावी. पावसाळ्यात भिंती ओल धरत, सांडपाणी गल्लीतूनच वाहे. मी लग्न होऊन आले त्याच साली पटकीनं कितीतरी घरांत रडारड झाली होती.

म्हणून नगरपालिकेनं जुना मोहल्ला पाडून नवा बांधायचं ठरवलं तेव्हा मला आनंदच झाला. ओव्हरसियर घरोघरी सांगत फिरला, "पक्की घरं देऊन राह्यलो तुम्हाले. नाल्या येतील, नळ येईल." आम्ही तलावाकाठच्या बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांत गेलो. माग सुटा करून पळसाच्या पानांखाली झाकला. काही महिन्यांत उरकायचं काम दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत लांबलं. झोपडीत माग मांडायला जागा नव्हती. घरधनी लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, मजुरीला जात, तीही रोज मिळत नसे.

नवं घर मिळालं त्या दिवशी मी चुलीची जागा बघत होते. घरधनी खोलीभर फिरले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. खाली इकडून तिकडे फरशी होती.

"माय, माग कुठी मांडू?"

सासू वाकून फरशीवर हात फिरवू लागली.

दुसऱ्या दिवशी सब्बल आणून त्यांनी कोपऱ्यातली फरशी उखडली आणि खड्डा खणला. दुपारी ओव्हरसियर शिपायाला घेऊन दारात उभा.

"हे काऊन खोदलं? पाया खचन ना. आताच्या आता बुजवा, नाईतर घर दुसऱ्याले जाईल."

"साहेब, विणलं नाई तर खाऊ काय आम्ही?"

"ते मले नका विचारू. नकाशात खड्डा नाई."

तेव्हा सासू उठली, पदर खोचला आणि त्या खड्ड्यात जाऊन बसली.

"बुजवता? मंग मले घेऊनच बुजवा."

ओव्हरसियर वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला. "बाई, मलेबी नोकरी हाये," एवढंच म्हणाला, आणि उद्या मजूर आणतो असं सांगून गेला.

संध्याकाळ झाली तरी ती उठेना. मी दिलेली भाकर तिनं नुसती हातात धरून ठेवली. शेवटी घरधन्यांनी तिला लेकरासारखं उचलून बाहेर आणलं आणि स्वतःच फावड्यानं माती लोटू लागले.

"नको ना बाप्पा," ती म्हणत होती, "नको ना." त्यांनी मान वर केली नाही. मी तिला धरून बसले होते. एवढीशी बाई, पण मला दोन्ही हातांनी आवळून धरावी लागली.

आठवड्याच्या आत ते माजरीच्या कोळसा खाणीत गेले. मोहल्ल्यातले बरेच विणकर असेच पांगले. त्या पावसाळ्यात कोरडं सरपण मिळेना, तेव्हा मागाची लाकडं मी चुलीत घातली. सासू तोंड फिरवून बसली होती.

पुढे नाल्या झाल्या, नळ आला. माझी लेकरं त्या घरात जगली, हे मी नाकारत नाही. सासू मात्र त्या खोलीत कधी निजली नाही. थंडीतही बाहेर ओसरीवर अंथरूण टाकी. एका पहाटे तिथंच गेली. घरधनी माजरीहून पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. ते दारातच बसून राहिले. खाणीतून पुरती रजा मिळाली नव्हती. तेरवीच्या आधीच त्यांना परत जावं लागलं.